दंतविद्रधी व हनुशोथ

दात, हिरड्या व जबड्याचे हाड यांत जंतुसंसर्गाने उत्पन्न होणारा दाह आणि पूयसंचय. मुखात सदैव वास करणारे जंतू गोड व पिष्टमय अन्नाच्या अवशेषांपासून आम्ल निर्माण करतात, त्या आम्लाने दाताचे कवच झिजते, आणि खड्डा आतील मज्जेपर्यंत पोहोचला म्हणजे दाढ रात्र रात्र ठणकू लागते. यास ‘कीड लागणे’ म्हणतात व भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन ती कीड पाडू पाहतात. वस्तुतः दाढेत अळी मुळी नसतेच.

पुढे ठणका आपोआप थांबतो आणि रोगी निश्चिंत होतो, हाच सर्वांत घातक गैरसमज होय. कारण वेदना शमते ती मज्जा मृत झाल्यामुळे, आणि जंतू तोवर मुळाच्या टोकातून हाडात उतरलेले असतात. तेथील पू हाड जेथे पातळ असेल तेथून वाट काढतो : कधी हिरडीवर पुळी येते, कधी गाल सुजतो, तर खालच्या दाढेचा पू क्वचित जिभेखाली व हनुवटीखाली पसरून श्वासमार्गच रोधतो. या प्राणघातक अवस्थेचे वर्णन जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये केले. गालाच्या त्वचेतून सतत पू झिरपत राहिल्यास मलमपट्टीने ती जखम भरत नाही. सुश्रुताने अशा विकारास ‘दंतनाडी’ म्हटले असून, ज्या दातापाशी नाडी (पू वाहण्याची वाट) उद्भवली तो दातच उपटावा, असे सांगितले आहे. हा विचार आजही ग्राह्य आहे.

चिमूर तहसील व भोवतालच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात या रोगाचे निदान बिकट होते ते खर्ऱ्यामुळे. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला हा जिन्नस तेथे सर्रास चघळला जातो, आणि सुपारीमुळे गालाचे अस्तर हळूहळू ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. अक्कलदाढेच्या संसर्गानेही तोंड मिटते. मात्र ते थोड्या दिवसांत, ज्वर व सुजेसह, तर खर्ऱ्याचे मिटणे महिनोन्‌महिने, निमूटपणे. दोन्ही एकत्र आले तर दाढेपर्यंत हत्यार पोहोचविणेही दुर्घट होते. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेले ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखूविरोधी अभियान म्हणूनच दंतारोग्याच्या दृष्टीनेही मोलाचे आहे.

केवळ गोळ्यांनी हा रोग जात नाही. पू वाहता करून मुळाची नलिका स्वच्छ करावी लागते किंवा दात काढावा लागतो. जबड्याखाली सूज येऊन गिळता येईनासे झाले, जीभ वर उचलली गेली किंवा आवाज घोगरा झाला, तर सकाळची वाट न पाहता रोग्यास रुग्णालयात दाखल करावे.