एमआरएनए लशीचा वाद जगभर, पण वाशिममध्ये दिली गेली ती लस कोणती?

क्रिकेट खेळताना कोसळलेला तरुण, लग्नात नाचता नाचता आलेला हृदयविकाराचा झटका. असे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतात तेव्हा खाली बहुतेकदा एक ओळ असते : 'हा एमआरएनए लशीचा परिणाम.' अमेरिकेत आणि युरोपात या तंत्रज्ञानावर खरोखरच मोठी चर्चा सुरू आहे. पण ती चर्चा जशीच्या तशी वाशिम, रिसोड किंवा कारंज्याला लागू होते का? त्यासाठी आधी दंडात कोणती लस टोचली गेली होती, ते पाहावं लागेल.

वाशिम जिल्ह्यात कोणत्या लशी वापरल्या गेल्या?

देशात कोरोना लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालं. त्यानंतर काही आठवड्यांतच रिसोड तालुक्यातील देगावच्या एका निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित आढळले आणि वाशिमचं नाव देशभर गेलं. पुढे जिल्ह्यातल्या सहाही तालुक्यांत लसीकरण झालं ते राष्ट्रीय कार्यक्रमातूनच.

या कार्यक्रमात मुख्यतः दोन लशी होत्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशिल्ड आणि हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन. ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयोगटाला कोव्हॅक्सिन आणि १६ मार्च २०२२ पासून १२ ते १४ वयोगटाला कोर्बेव्हॅक्स देण्यात आली.

यांपैकी एकही लस एमआरएनए नाही. कोविशिल्डमध्ये निरुपद्रवी केलेला ॲडेनोव्हायरस वाहक म्हणून वापरतात. कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला संपूर्ण कोरोना विषाणू असतो. कोर्बेव्हॅक्समध्ये विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा असतो. फायझर आणि मॉडर्ना या परदेशी एमआरएनए लशी भारताच्या सरकारी लसीकरणात आल्याच नाहीत. फायझरने फेब्रुवारी २०२१ मध्ये अर्ज मागे घेतला. मॉडर्नाला जून २०२१ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली, पण नुकसानभरपाईच्या जबाबदारीतून संरक्षण मिळण्याचा मुद्दा सुटला नाही.

म्हणजे सरकारी केंद्रावर लस घेतलेल्या वाशिमच्या तरुणाबाबत 'एमआरएनएमुळे झालं' हा दावा पहिल्याच पायरीवर अडतो.

एमआरएनए लस काम कशी करते?

आपल्या पेशींमध्ये प्रथिनं तयार होण्यासाठी डीएनएमधल्या माहितीची तात्पुरती प्रत निघते. ही प्रत म्हणजे एमआरएनए. लशीत कोरोनाच्या काटेरी प्रथिनाची कृती सांगणारी अशी प्रत चरबीच्या अतिसूक्ष्म कणात गुंडाळून देतात. पेशी ती वाचून प्रथिन तयार करते, रोगप्रतिकारशक्ती ते ओळखायला शिकते आणि प्रत विरघळून जाते.

'यामुळे माणसाचा डीएनए बदलतो' हा सर्वात जास्त पसरलेला दावा आहे. एमआरएनएचं काम पेशीच्या केंद्रकाबाहेर चालतं, तर डीएनए केंद्रकात असतो. शिवाय एमआरएनएचं डीएनएमध्ये रूपांतर करून ते जोडायला लागणारी यंत्रणा लशीत नसते.

हे तंत्रज्ञान एका वर्षात जन्मलं, हेही खरं नाही. कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी एमआरएनएमध्ये बदल करून शरीराची तीव्र दाहक प्रतिक्रिया टाळता येते, हे २००५ मध्येच दाखवलं होतं. त्यासाठी त्यांना २०२३ चं नोबेल मिळालं.

मग धोका अजिबात नाही का?

आहे, आणि तो नोंदलेला आहे. एमआरएनए लशीनंतर काही जणांना मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज, आल्याचं २०२१ मध्येच लक्षात आलं. हा धोका किशोरवयीन मुलं आणि तरुण पुरुषांमध्ये, विशेषतः दुसऱ्या डोसनंतर जास्त दिसतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वीडनने ३० वर्षांखालील लोकांसाठी मॉडर्नाची लस थांबवली, ती याच कारणाने.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ मध्ये लशींवरील इशारा अधिक स्पष्ट केला. २०२३-२४ च्या लशींसाठी दिलेला अंदाज असा : सहा महिने ते ६४ वर्षे वयोगटात दहा लाख डोसमागे सुमारे ८ रुग्ण, तर १२ ते २४ वयाच्या पुरुषांमध्ये सुमारे २७.

कोरोनाच्या संसर्गानेही हृदयाला सूज येते आणि एकूण लोकसंख्येत तो धोका लशीपेक्षा जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं. मात्र २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात ४० वर्षांखालील पुरुषांमध्ये मॉडर्नाच्या दुसऱ्या डोसनंतरचा धोका संसर्गापेक्षाही जास्त आढळला. म्हणून 'सगळ्यांना सारखाच फायदा' आणि 'सगळ्यांना सारखाच धोका' ही दोन्ही विधानं अपुरी आहेत. वय, लिंग, लशीचा प्रकार आणि आजाराची साथ किती तीव्र आहे, यावर हिशेब बदलतो.

अमेरिकेत या वादाला राजकीय वळणही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी एमआरएनए लशींचे २२ प्रकल्प गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांची किंमत सुमारे ५० कोटी डॉलर होती. अनेक शास्त्रज्ञांनी या निर्णयावर टीका केली.

कोविशिल्डचं काय?

कोविशिल्डचा दुर्मीळ दुष्परिणाम वेगळा आहे : रक्तात गुठळ्या होणं आणि त्याच वेळी प्लेटलेट्स कमी होणं. मे २०२१ मध्ये केंद्राच्या समितीने गुठळ्यांची २६ संभाव्य प्रकरणं नोंदवली. हे प्रमाण दहा लाख डोसमागे ०.६१ होतं. २०२४ मध्ये ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात असा परिणाम अत्यंत क्वचित होऊ शकतो हे मान्य केल्याची बातमी आली आणि भारतात पुन्हा घबराट पसरली. मात्र हा त्रास लस घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांत दिसतो, वर्षांनंतर नाही.

तरुणांच्या अचानक मृत्यूंबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयोगटाचा अभ्यास केला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लसीकरणामुळे धोका वाढल्याचं आढळलं नाही. कुटुंबात अचानक मृत्यूचा इतिहास, कोरोनामुळे रुग्णालयात दाखल होणं, मृत्यूच्या आधी ४८ तासांत अति मद्यपान किंवा फार जोरदार व्यायाम यांचा मात्र संबंध दिसला.

महाराष्ट्राची स्वतःची एमआरएनए लस

भारताची पहिली एमआरएनए लस पुण्यातच तयार झाली. जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सच्या जेमकोव्हॅक-१९ ला जून २०२२ मध्ये १८ वर्षांवरील लोकांसाठी आपत्कालीन परवानगी मिळाली. जून २०२३ मध्ये ओमायक्रॉनसाठीची जेमकोव्हॅक-ओएम ही आवृत्ती आली. ती सुईविना, त्वचेत दिली जाते.

वाशिमसारख्या जिल्ह्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे साठवण. फायझरच्या लशीला सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास तापमान लागायचं. जेमकोव्हॅक २ ते ८ अंशांत राहते, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नेहमीच्या लशींच्या फ्रिजमध्ये. मात्र ती आली तोवर लसीकरणाचा जोर ओसरला होता.

जेमकोव्हॅक-ओएममध्ये पेशीत गेल्यावर स्वतःच्या प्रती वाढवणारा एमआरएनए वापरला आहे. त्यामुळे कमी मात्रा पुरते, पण तो पेशीत जास्त काळ टिकतो. याच प्रकारच्या लशीवरून जपानमध्येही वाद झाला. ती इतरांना 'पसरते' असा दावा तिथे झाला. पण हा एमआरएनए नवे विषाणू तयार करत नाही, त्यामुळे एकाकडून दुसऱ्याला लागण होण्याचा मार्गच नसतो.

लोकांचा अविश्वास कुठून आला?

सगळाच अविश्वास अफवांतून आलेला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात लस न घेतलेल्यांना पेट्रोल आणि रेशन न देण्याचे आदेश निघाले. मुंबईत लोकल प्रवासासाठी दोन डोस सक्तीचे झाले. त्याबाबतचे मुख्य सचिवांचे आदेश कायद्याला धरून नसल्याचं मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये म्हटलं. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असं स्पष्ट केलं. सरकारचं लसीकरण धोरण न्यायालयाने अवाजवी मानलं नाही, पण दुष्परिणामांच्या नोंदी लोकांसाठी खुल्या ठेवायला सांगितलं.

यंत्रणेच्या चुकाही विश्वास कमी करतात. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. दोष लशीचा नव्हता, पण घाबरलेल्या पालकांना तो फरक समजावून सांगणं सोपं नसतं.

लशीनंतर त्रास झाला तर काय करायचं?

- कोविन प्रमाणपत्रावर लशीचं नाव, तारीख आणि बॅच क्रमांक असतो. सर्वात आधी तो पाहावा.
- लस घेतल्यावर छातीत दुखणं, धाप लागणं, सतत तीव्र डोकेदुखी, पाय सुजणं असा त्रास झाला तर लगेच डॉक्टरांना दाखवावं आणि लस कधी घेतली ते सांगावं.
- आशा सेविका, एएनएम किंवा आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे नोंद करता येते. गंभीर प्रकरणाची माहिती पुढे जिल्हा पातळीवर जाते आणि तिथली समिती चौकशी करते.
- औषध दुष्परिणामांची तक्रार १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय टोल फ्री क्रमांकावरही करता येते.

कर्करोगासह इतर आजारांसाठी एमआरएनए लशींच्या चाचण्या जगात सुरू आहेत. उद्या अशी एखादी लस वाशिमच्या आरोग्य केंद्रात आली, तर लोक तिच्याबद्दल प्रश्न विचारतीलच. त्या वेळी 'शंका घेऊ नका' हे उत्तर पुरणार नाही. कोणाला किती फायदा, कोणाला किती धोका आणि त्रास झाल्यास जबाबदारी कोणाची, हे आकड्यांसह आधीच सांगावं लागेल.