‘ऑक्सफर्ड’चा पुनर्जन्म

१ सप्टेंबर १९५५ रोजी सहा विद्यार्थ्यांनी ‘ऑक्सफर्ड’ व ‘केंब्रिज’ या दोन लँडरोव्हर गाड्यांतून लंडन सोडले. चारही चाकांना इंजिनाची शक्ती असल्याने, आसामातून ब्रह्मदेशाकडे जाणारा युद्धकालीन, रानाने गिळलेला रस्ताही त्यांनी पार केला. ६ मार्च १९५६ रोजी ते सिंगापूरला पोहोचले.

पुढे ‘केंब्रिज’ इराणात दरीत कोसळली; ‘ऑक्सफर्ड’ सेंट हेलेना बेटावर मोडकळीस आली. अशा गाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा टिकतो. खालचा पोलादी सांगाडा मात्र गंजतो. २०१७ साली ती इंग्लंडात आणून पुन्हा चालती करण्यात आली.

२०१९ मध्ये ती सिंगापूरहून लंडनला निघाली. मूळ सफरीतील टिम स्लेसर सोबत जाणार होते. परंतु ऐनवेळी वृद्धापकाळी दुखण्याने गाठले. त्यांच्या जागी नातू बसला. १४ डिसेंबरला ‘ऑक्सफर्ड’ लंडनला पोहोचली.