भंगारवाला सेल का घेत नाही?

वारज्यातल्या गणपती माथ्याजवळच्या एखाद्या सोसायटीत कुठलाही टू-बीएचके घ्या आणि त्यातल्या बॅटऱ्या मोजा. भिंतीवरच्या घड्याळात एक सेल, टीव्ही आणि एसीच्या रिमोटमध्ये दोन-दोन. गॅस गीझरच्या तळाशी दोन जाडे सेल. बाल्कनीत इन्व्हर्टरची बॅटरी. आणि हे तुम्ही वाचताय तो फोन.

या सगळ्या बॅटऱ्या एका काळातल्या नाहीत. इन्व्हर्टरमधली शिसे-आम्लाची बॅटरी प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधली. घड्याळातला साधा जस्ताचा सेल १८८० च्या दशकातला. फोनमधली लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. पण दारावर भंगारवाला आला की तो यातली एकच आनंदाने उचलतो, इन्व्हर्टरची. तीस-चाळीस सेल भरलेली पिशवी पुढे केली, तर तो मान हलवतो. असं का, याचं उत्तर या बॅटऱ्यांच्या इतिहासात आहे.

उन्हात ठेवलेले सेल

‘बॅटरी’ हा शब्द मुळात तोफांचा. ओळीने मांडलेल्या तोफांना बॅटरी म्हणत, आणि वीज साठवणाऱ्या बरण्या एकमेकींना जोडल्यावर बेंजामिन फ्रँकलिनने १७४९ मध्ये तो शब्द त्यांना लावला. मराठीत त्याने आणखी एक उडी मारली. आपल्याकडे बॅटरी म्हणजे टॉर्च. ‘जरा बॅटरी मार’ म्हणताना वीज साठवणारी वस्तू कुणाच्या डोक्यात नसते. तिला आपण ‘सेल’ म्हणतो. शाळेच्या पुस्तकातला ‘शुष्क घट’ परीक्षेपुरता.

भारतात हा सेल घराघरांत नेला एव्हरेडीने. १९३४ मध्ये कलकत्त्यात सुरू झालेली ही कंपनी पुढे युनियन कार्बाइड इंडिया झाली. डिसेंबर १९८४ मध्ये ज्या कंपनीच्या भोपाळच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तीच ही. लाल सेलचा व्यवसाय १९९० च्या दशकात दुसऱ्या मालकाकडे गेला.

पुण्यात आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं. वारजे तेव्हा शहराबाहेरचं, मुठेकाठचं गाव होतं. महापालिकेत ते आलं थेट १९९७ मध्ये. वीज नसलेल्या घरात रेडिओ आणायचा तर सेल लागायचे, आणि ते महाग वाटायचे. म्हणून आवाज खोल गेला की सेल उन्हात ठेवायचे. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया थोडी वेग घ्यायची आणि बातम्यांपुरता जीव यायचा. अगदीच संपला की पोरं तो फोडून काळी कांडी काढायची आणि तिने फरशीवर रेघोट्या मारायची. उरलेलं उकिरड्यात, आणि उकिरड्याचं खत शेतात.

त्या सेलमध्ये जस्ताचं पातळ डबडं, मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड आणि कार्बनची कांडी असते. हे वेगळं करायला जी मेहनत लागते, तिच्यापुढे मिळणारं जस्त चिल्लर आहे. भंगारवाला मान हलवतो ती या हिशेबाने.

शिसं परत येतं, पण कुठून?

इन्व्हर्टरच्या बॅटरीचा हिशेब उलटा आहे. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसं असतं आणि ते वितळवून पुन्हा वापरता येतं. म्हणूनच जुनी दिली की नवीवर काही हजारांची सूट मिळते.

पुण्याचं आणि या बॅटरीचं नातं जुनं आहे. आज एक्साइड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने तिचा देशातला दुसरा कारखाना १९६९ मध्ये चिंचवडला काढला. घरातल्या इन्व्हर्टरला मात्र मागणी आणली भारनियमनाने. २००६ मध्ये पुण्यात एक वेगळा तोडगा निघाला: कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवून ग्रिडवरचा भार हलका करायचा, त्याचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी उचलायचा आणि शहराचं भारनियमन टाळायचं. देशभर तो ‘पुणे मॉडेल’ म्हणून गाजला.

पण बॅटरी परत जाते म्हणजे नीट जाते असं नाही. परवानाधारक कारखान्यात शिशाचा धूर अडवला जातो. उघड्यावरच्या भट्टीत तो आसपासच्या मुलांच्या श्वासात जातो. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचं प्रमाण चिंताजनक आहे, आणि त्यामागचं एक मोठं कारण अशा भट्ट्या. भारतात बॅटऱ्यांसाठी पहिले नियम २००१ मध्ये आले ते फक्त शिशाच्या बॅटऱ्यांसाठी. सेलसाठी कायदा नव्हता, आणि बाजाराला तर तो नकोच होता.

जितकी स्वस्त, तितकी बेवारस

फोनच्या बॅटरीत कोबाल्ट आणि लिथियम असतं, म्हणून तिला थोडीफार किंमत आहे. पण ती कचऱ्याच्या गाडीत चेपली तर पेट घेते. पुढचं पाऊल वारज्यापासून टेकडीपलीकडे, पाषाणला पडतं आहे. तिथल्या आयसर संस्थेबरोबर केलेल्या संशोधनातून पुण्याच्याच केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. सोडियम मुबलक आणि स्वस्त. बातमी चांगलीच आहे, पण भंगारवाल्याच्या नजरेने बघा: आतला माल जितका स्वस्त, तितकी ती परत नेण्यात कमाई कमी. स्वस्त बॅटरीची गत सेलसारखी होऊ शकते.

म्हणून जिथे किंमत काम करत नाही तिथे कायद्याला करावं लागतं. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनी पहिल्यांदाच घड्याळाच्या सेलपासून ई-स्कूटरपर्यंत सगळ्या बॅटऱ्या एका छत्राखाली आणल्या आणि त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. सेलवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र दिसतं, त्याचा अर्थ हाच: हा कचऱ्यात टाकू नका.

तोवर हा सेल कुणाच्या हातात जातो? पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातून निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदारचा कचरा गोळा करते. गळका सेल तुमच्या डब्यातून आधी त्या ताईंच्या हातात जातो. नाहीच सापडला, तर कचऱ्याच्या ढिगात. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी शहराच्या या ढिगांविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेले सेल ‘घरगुती घातक कचरा’ ठरवले होते; ओल्यातही नाहीत, सुक्यातही नाहीत.

मग घरात करायचं काय? घड्याळ आणि रिमोटला साधा सेल पुरतो. वीज कमी लागते तिथे महागडा अल्कलाइन नको. खेळणी, कॅमेरा सेल भराभर संपवतात, तिथे चार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइडचे सेल घ्या आणि त्यांच्याच चार्जरमध्ये लावा. साधा सेल चार्जरमध्ये कधीच नाही; तो गळतो किंवा फुटतो. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. इन्व्हर्टरमध्ये डिस्टिल्ड वॉटर बघा आणि हवा खेळती ठेवा, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. फोन उशीखाली चार्ज करू नका, आणि बॅटरी फुगली तर वापर थांबवा.

संपलेले सेल प्लास्टिकच्या बरणीत साठवा. लिथियमच्या बॅटऱ्यांच्या आणि बटण सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावा. बरणी भरली की ई-कचरा संकलनात द्या. सोसायटीत वर्षातून दोनदा अशी बरणी एकत्र केली, तर गोळा करायला येणाऱ्याची फेरी वाया जात नाही. आणि नवी बॅटरी घेताना दुकानदाराला एक प्रश्न विचारा: ही संपल्यावर परत घेणार का? शिशाच्या बाबतीत हा प्रश्न विचारावा लागला नाही, त्याचं उत्तर वजनकाट्यावरच मिळत होतं. सेलच्या बाबतीत तो गिऱ्हाइकालाच विचारावा लागणार आहे.