सीतामऊचा धडा

सरकारी नोकरीत माझी निम्मी हयात फायलींच्या सहवासात गेली. कोणती फाइल जपायची व कोणती निकालात काढायची, याचे नियम आम्हांस पाठ असतात. इतिहासकाराच्या घरातील कागदांचे काय करावे, याचे उत्तर मात्र त्यांत सापडत नाही. १९९३चा सार्वजनिक अभिलेख कायदा मुख्यतः सरकारी कागदांसाठी आहे. खाजगी कागद राष्ट्रीय अभिलेखागारास भेटीदाखल अथवा खरेदीने स्वीकारता येतात. ते जपण्याची सक्ती कोणावरही नाही.

म्हणून माळव्यातील सीतामऊ मला महत्त्वाचे वाटते. तेथील महाराजकुमार डॉ. रघुबीर सिंह (१९०८–१९९१) हे सर जदुनाथ सरकारांचे शिष्य. माळव्याचा इतिहास लिहिताना त्यांनी फारसी, राजस्थानी व मराठी साधनांच्या नकला आणि मायक्रोफिल्म जमविल्या. कोट्याला मराठ्यांचे कमाविसदार असलेल्या गुळगुळे घराण्याचे दप्तरही तेथे आहे. मराठ्यांचा उत्तरेतील वसूल कसा चाले, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला बखरीपेक्षा अशा दप्तरातूनच अधिक कळते.

परंतु त्यांचे खरे शहाणपण पुढेच दिसते. १९७४ मध्ये त्यांनी श्री नटनागर शोध संस्थान स्थापिले. संग्रहाला व्यक्तीपलीकडचे आयुष्य लाभले. संस्थेविना दप्तर बहुधा वारसांच्या पहिल्याच वाटणीत फुटते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतही मोडीचे रुमाल असतील. ते रद्दीत जाण्यापूर्वी एकदा जाणकारास अवश्य दाखवावेत, ही विनंती.