प्रायव्हेट बकरू
दुसऱ्या महायुद्धकाळातील अमेरिकन संगीतप्रधान विनोदी चित्रपट (१९४२). पर्ल हार्बरवरील हल्ल्याला वर्ष होण्याआधी ‘युनिव्हर्सल’ने काढलेला हा सुमारे ७० मिनिटांचा अल्पखर्ची कृष्णधवल चित्रपट एडवर्ड क्लाइन यांनी दिग्दर्शित केला (पहा : बी-चित्रपट). ट्रम्पेटवादक हॅरी जेम्स सैन्यात भरती होतो, एवढ्यावर कथानक उभे आहे. ते गाण्यांना जागा करून देण्यापुरतेच असून प्रेमकथा ठोकळेबाज आहे. अँड्र्यूज भगिनींचे तीन आवाजांतील एकजीव गायन (पहा : स्विंग संगीत) हे त्याचे खरे बळ. ‘डोन्ट सिट अंडर द ॲपल ट्री’ या गीतात ताटातूट झालेल्या प्रेमिकांच्या निष्ठेची आण उडत्या चालीत येते. किशोरवयीन डोनल्ड ओकॉनर व पेगी रायन यांचे चपळ नृत्य आणि शेम्प हॉवर्ड यांचा सार्जंटही उल्लेखनीय. जेम्स यांच्या वाद्यवृंदाचे तत्कालीन वादन पडद्यावर जतन झाल्याने संगीतेतिहासात या चित्रपटाला दस्तऐवजाचे मोल आहे.