सिंधुदुर्गाचे बुडालेले पहारेकरी

तीर्थपुरीसारख्या गोदाखोऱ्यातल्या गावी बुडी मारायची ती नदीच्या गढूळ पाण्यात. तळ दिसण्याची आशाच नसते. मालवणचे पाणी निराळे. १६६४ साली शिवाजीमहाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधावयास घेतला, तो भोवतालचे बुडालेले खडक परक्या गलबतांना जवळ येऊ देत नाहीत म्हणूनच. त्याच खडकांवर प्रवाळ वाढते. १९४३ मध्ये फ्रान्सात कुस्तो व गान्याँ यांनी पाणबुड्याला मागेल तेवढीच हवा देणारे यंत्र सिद्ध केले. पुढे त्याच्याच जोरावर हौशी मंडळी मालवणास या खडकांपर्यंत उतरू लागली. १९८७ मध्ये येथे सागरी अभयारण्य झाले खरे. पण प्रवाळ हा दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, हे उतरणाऱ्याला कोणी सांगावे? एक पाय पडला, की मोडलेले भरून यायला वर्षे लागतात.