मलिद्याच्या ताटावरची हिब्रू

नवी मुंबईच्या नकाशात जे पनवेल आज गुंडाळले गेले आहे, तिथे १८४९ पासून ‘बेथ एल’ हे बेने इस्राएलांचे, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांचे, सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) उभे आहे. जुनी माणसे त्याला सरळ मशीद म्हणत. मुंबईच्या मस्जिद स्टेशनाचे नावही १७९६ च्या अशाच एका सिनेगॉगवरून पडले, असे सांगतात. पनवेलच्या या मशिदीत येणाऱ्यांची घरची भाषा मराठी, आडनावे केहिमकर, दिवेकर, राजपूरकर अशी गावांची, आणि परंपरागत धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनवार तेली’. धर्माची भाषा मात्र हिब्रू, आणि ती त्यांना शेजारच्या आगरी-कोळ्यांइतकीच परकी. ही परकी भाषा एका मराठी समाजाने पुन्हा कशी मिळवली, हे पाहिले की गरजेपोटी भाषा येते हा आपला लाडका समज थोडा तपासावा लागतो.

कारण गरज तर शतकानुशतके होतीच. तरीही कोकणात त्यांच्याजवळ हिब्रूतले टिकले ते, परंपरा सांगते त्याप्रमाणे, ‘शेमा’ या एका प्रार्थनेपुरते. सणांची हिब्रू नावेसुद्धा विसरली गेली होती. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा ही नावे अस्सल कोकणी स्वयंपाकघरातून आणि ओसरीवरून आलेली. शेमा टिकला, कारण तो बारशापासून मयतापर्यंत प्रत्येक प्रसंगी एकत्र म्हटला जाई. पुढे कोचीनहून शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या, आणि मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीतून छापले. विल्सन यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले, धर्म बहुतेकांनी आपलाच ठेवला.

पण व्याकरणाने वर्गातली पोरे शिकली, अख्खे घर नव्हे. घर शिकले ते ताटाभोवती. मलिदा हा त्यांचा घरगुती धार्मिक विधी; त्याचे ताट डोळ्यांसमोर आणा: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोड्याची पूड, वर फळे. त्याभोवती सगळे बसतात आणि एलियाहू हनाबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला, हाक घालणारे हिब्रू गीत म्हणतात. ‘नाबी’ म्हणजे संदेष्टा. त्याला चिकटलेला ‘ह’ म्हणजे ‘तो विशिष्ट’, इंग्रजीतल्या ‘द’सारखा. मराठीत असे उपपद नाही, आणि पाटीवर समजवायला ते अवघड. इथे मात्र फळांवर नजर ठेवून बसलेल्या पोराच्या जिभेवर ते कधीच रुळलेले असते. पुण्यात १८७४ साली वल्हांडण सणाची सचित्र हगादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, निघाली, तीही याच वाटेची. हिब्रू मजकुराला मराठी भाषांतराची जोड, आणि चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चक्क आपल्या वेषातल्या. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएलांची कीर्तने सुरू झाली. बेंजामिन शिमशोन आष्टमकरांसारख्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी-दिंडी-अभंगांत बांधली.

यावर कोणी म्हणेल, कीर्तन तर मराठीत. त्यातून हिब्रू कशी येणार? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. परकी भाषा शिकताना शब्द आणि आशय दोन्ही एकाच वेळी अनोळखी असले की माणूस दमतो. योसेफाला भावांनी विकल्याची गोष्ट ज्याने टाळांच्या साथीने रात्रभर ऐकली आहे, त्याला तोराह या धर्मग्रंथातले तेच प्रकरण वाचताना फक्त शब्दांशी झुंजावे लागते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: पाठांतर म्हणजे भाषा नव्हे. नव्हेच. अर्थ न कळता घोकणारे भरपूर होते, म्हणूनच जोसेफ इझिकेल राजपूरकरांना (१८३४–१९०५) एकामागून एक प्रार्थनापुस्तके मराठीत आणावी लागली. पण हिब्रूचा नाद कानात आधीच मुरला नसता, तर ती पुस्तके हाती धरली कोणी असती? गोडीने व्याकरणाचे काम होत नाही. व्याकरणापर्यंत माणूस पोचतो तो मात्र बहुधा गोडीनेच. आपल्याकडच्या भाषावर्गांत हा क्रम सर्रास उलटा असतो, आणि मग गळती का लागते याचे नवल केले जाते.

१९४८ नंतर या समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. तिथे जन्मलेल्यांची हिब्रू ही आता रोजची बोली आहे. परकी झाली आहे ती मराठी. ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिक तिथून निघत आले, आणि मलिद्याचे ताट तिथेही मांडले जाते.